डेट्रॉइटच्या गोदामातल्या ११,३४१ पेट्या

ऑगस्ट २००९. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या वेन काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा; डेट्रॉइट शहर याच काउंटीत येतं) सरकारी वकील कार्यालयातले सहायक वकील रॉबर्ट स्पाडा डेट्रॉइट पोलिसांच्या एका गोदामात गेले होते. मुख्य मुद्देमाल कोठीत जागा पुरेनाशी झाली की उरलेला माल या गोदामात येऊन पडायचा. तिथे त्यांना पेट्यांच्या थप्प्या दिसल्या. चौकशी केल्यावर कळलं की या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींनंतर रुग्णालयांत गोळा केलेल्या पुराव्याच्या पेट्या आहेत, ज्यांना तिकडे सरसकट ‘रेप किट’ म्हणतात. आणि यातल्या बहुतेक कधी प्रयोगशाळेत गेलेल्याच नाहीत.

स्पाडांनी हे काउंटीच्या मुख्य सरकारी वकील किम वर्थी यांच्या कानावर घातलं. मोजदाद पूर्ण व्हायला बराच काळ गेला. आज या प्रकरणाची ओळख बनलेला आकडा आहे ११,३४१. सर्वांत जुन्या पेट्या १९८०च्या दशकातल्या होत्या.

न तपासलेल्या पेट्या काही एकट्या डेट्रॉइटमध्ये नव्हत्या. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, क्लीव्हलँड, मेम्फिस, सगळीकडे त्या हजारांनी निघाल्या. देशभरात एकूण किती, याचा नेमका आकडा कुणाकडेच नव्हता, कारण कुणी मोजतच नव्हतं. तरीही अभ्यासासाठी मी डेट्रॉइट निवडलं, कारण या शहरानं पेट्या तपासून हात झटकले नाहीत. त्या तपासल्या का गेल्या नव्हत्या, हेही खणून काढू दिलं. पोलिसांनी आपल्या जुन्या फायली बाहेरच्या संशोधकांना वाचायला दिल्या, आणि जे निघालं ते छापून प्रसिद्ध झालं. स्वतःच्या खात्याविषयी असं काही छापू देणं सोपं नसतं.

पेटीत काय असतं

ही पेटी जन्माला आली शिकागोत, १९७०च्या दशकात. मार्था गोडार्ड नावाची कार्यकर्ती अत्याचार झालेल्या मुलींबरोबर काम करत होती. रुग्णालयात पुरावा नीट गोळा होत नाही, कपडे फेकून दिले जातात, नमुन्यांवर नाव-तारीख लागत नाही आणि न्यायालयात सगळं कोसळतं, हे ती पाहत होती. तिनं पोलीस प्रयोगशाळेतल्या लुई विटुलो यांच्यासोबत एक साधी पेटी तयार करून घेतली: कापसाच्या काड्या, काचपट्ट्या, कंगवा, पाकिटं, लेबलं, आणि क्रमानं काय करायचं याच्या सूचना. १९७८ मध्ये शिकागो परिसरातल्या रुग्णालयांत ती वापरात आली. कितीतरी वर्षं ती ‘विटुलो किट’ म्हणूनच ओळखली गेली. गोडार्ड यांचं नाव मात्र फार उशिरा लोकांसमोर आलं. त्या २०१५ मध्ये गेल्या.

तपासणीला चार ते सहा तास लागतात. ज्या शरीरावर काही तासांपूर्वी अत्याचार झाला, तेच शरीर आता पुराव्याची जागा ठरतं. तोवर अंघोळ करायची नाही. जमलं तर लघवीही रोखून धरायची. कागदावर उभं राहून एकेक कपडा उतरवायचा, म्हणजे सुटलेला केस किंवा धागा कागदावर पडेल. तोंड, नखं, त्वचा, गुप्तांग, सगळीकडचे नमुने घेतले जातात. जखमांचे फोटो काढतात. घडलेलं पुन्हा एकदा, तपशिलानं सांगावं लागतं. नमुने वाळवून कागदी पाकिटात घालतात, प्लास्टिकमध्ये नाही, कारण ओल राहिली की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. नीट वाळवून ठेवलेला नमुना मात्र वर्षानुवर्षं टिकतो, आणि म्हणूनच पंचवीस वर्षं गोदामात पडलेल्या पेटीतूनही उत्तर मिळू शकलं.

शेवटी पेटीला सील लागतं आणि ती पोलिसांच्या हाती जाते. तपासणीला बसलेल्या बाईची स्वाभाविक समजूत अशी असते की आता ही प्रयोगशाळेत जाईल. (मी ‘बाई’ म्हणतेय, पण त्या पेट्यांमध्ये पुरुषांच्या आणि लहान मुलांच्याही पेट्या होत्या.) पुढे वर्षानुवर्षं काहीच कळलं नाही, तर पुराव्यात काही सापडलं नसेल, असं ती धरून चालते. पेटी उघडलीच गेली नाही, हे तिच्या मनातही येत नाही.

किम वर्थी स्वतः कायद्याच्या विद्यार्थिनी असताना धावायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्यावर बलात्कार झाला होता. त्यांनी त्या वेळी तक्रार केली नव्हती. हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. मला ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची वाटते, कारण तक्रार करायला आणि ते चार-सहा तास सोसायला काय लागतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दोन वेगवेगळे अनुशेष

पुढचं सगळं कळायला एक फरक लक्षात घ्यावा लागेल. ‘पेट्या साठल्या’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते: कामाचा ढीग, माणसं कमी, रांग लांब. हा एक अनुशेष झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २००४ च्या डेबी स्मिथ कायद्याखाली त्यासाठी राज्यांना पैसा दिला. पण डेट्रॉइटच्या पेट्या त्या रांगेत कधी लागल्याच नव्हत्या. पोलिसांनी त्या पाठवल्याच नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेच्या हिशेबात त्यांचं अस्तित्वच नव्हतं. अनुदान होतं, यंत्रं होती, आणि पेटी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला कोठीत. पेटी पाठवायची की नाही, हे ठरवत होता तपास अधिकारी. त्यासाठी कुठलाही लेखी नियम नव्हता. का नाही पाठवली, हे लिहून ठेवण्याचं बंधनही नव्हतं.

जुन्या पेट्यांच्या बाबतीत एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. १९८५ साली डीएनए तपासणीची सोय नव्हती. एफबीआयची ‘कोडिस’ ही देशव्यापी डीएनए नोंदवही १९९८ मध्ये सुरू झाली. तेव्हा त्या काळातली पेटी लगेच तपासली नाही म्हणून कुणाला दोष देता येत नाही. पण तंत्र आल्यावर मागे वळून कोठीतल्या पेट्या बाहेर काढायला हव्या होत्या. न्यूयॉर्क शहरानं ते केलं. २००० ते २००३ या काळात सुमारे सतरा हजार जुन्या पेट्या तपासून घेतल्या. म्हणजे असं करता येतं हे डेट्रॉइटच्या सहा वर्षं आधीच सिद्ध झालं होतं. आणि डेट्रॉइटच्या गोदामात १९९८ नंतरच्या, थेट २००९ पर्यंतच्या पेट्याही होत्याच.

का?

वरवरचं उत्तर पैशाचं आहे, आणि ते खोटं नाही. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकवस्ती असलेलं हे शहर २०१० पर्यंत जेमतेम सात लाखांवर आलं होतं. कारखाने गेले, कर भरणारे गेले. पोलीस खात्यात कपात झाली, प्रमुख सारखे बदलत राहिले, आणि आलेला प्रत्येक जण स्वतःची नवी घडी बसवायला बघायचा. २००८ मध्ये शहर पोलिसांची प्रयोगशाळाच बंद करावी लागली, कारण बंदुकींच्या तपासणीत गंभीर चुका निघाल्या होत्या. जुलै २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर होतं.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्रज्ञ रिबेका कॅम्पबेल यांच्या गटानं २०११ पासून केंद्रीय न्याय विभागाच्या अनुदानावर या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा पाचशेहून जास्त पानांचा अहवाल २०१५ मध्ये आला. पैशाची, माणसांची, प्रयोगशाळेची टंचाई त्यांनी मान्य केली. पण तेवढ्यानं उत्तर पूर्ण होत नाही, असं स्पष्ट लिहिलं. टंचाई सगळ्याच गुन्ह्यांना होती. मग खिशात दहा रुपये असताना दोन कशावर खर्चायचे आणि कशावर नाही, हे कशावरून ठरत होतं? त्याचं उत्तर त्यांना तपासाच्या फायलींत सापडलं.

त्या फायलींत अधिकाऱ्यांनी तक्रारदारांविषयी जे लिहून ठेवलं होतं, त्याचा सूर सारखाच होता. ही धंदा करणारी असणार, पैशावरून बिनसलं असेल. ही शाळकरी मुलगी घरी उशीर झाला म्हणून बनाव रचतेय. हिनं नशा केली होती. हिचा सांगण्याचा सूर पटत नाही. ही त्याला ओळखत होती, मग बलात्कार कसला? अनेक प्रकरणांत पहिल्या भेटीनंतर तपास जवळजवळ झालाच नव्हता. एक-दोन फोन, उत्तर नाही, फाईल बंद. तक्रारदार ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा. या बायका बहुसंख्य कृष्णवर्णीय होत्या, बहुतेक गरीब.

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. पेटीचं काम काय? तक्रारदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न माणसाच्या मनावर न सोडता बाहेरून पुरावा आणणं. आणि इथे तर उलटं चाललं होतं. आधी अधिकारी मनाशी ठरवायचा की बाई खरं बोलतेय की खोटं, आणि खरं बोलतेय असं वाटलं तरच पेटी पुढे जायची. ज्या शंकेचं निरसन करायला पेटी होती, त्याच शंकेनं ती अडवून ठेवली. ११,३४१ पेट्या एका रात्रीत साठत नाहीत. तीस वर्षं, प्रत्येक वेळी एका माणसानं, एका टेबलाशी बसून, ‘ही नको’ असं ठरवलं. कुठल्याच वहीत तो निर्णय लिहिलेला नाही. सगळ्यांनी मिळून काही कट केला असता तर कदाचित लवकर उघडकीला आला असता.

१,५९५ पेट्यांची परीक्षा

सुरुवातीला एका पेटीच्या तपासणीला हजार ते दीड हजार डॉलर खर्च येईल असा अंदाज होता. संशोधकांच्या मोजणीत एकूण पेट्यांपैकी कधीच न पाठवलेल्या पेट्या सुमारे ८,७०० होत्या. एवढा पैसा नव्हता, म्हणून आधी नमुना घ्यायचं ठरलं. सगळ्या तपासण्यात अर्थ आहे का, की निवडक तपासाव्यात, हे त्यातून कळणार होतं.

१,५९५ पेट्या तपासल्या. ७८५ पेट्यांमधून, म्हणजे जवळपास निम्म्यांतून, कोडिसमध्ये घालण्याजोगा डीएनए आलेख मिळाला. त्यातल्या ४५५ आलेखांची नोंदवहीत कुणाशी ना कुणाशी जुळणी झाली. आणि १२७ जुळण्या अशा होत्या की त्या दुसऱ्या एखाद्या लैंगिक अत्याचाराकडे बोट दाखवत होत्या. म्हणजे तोच माणूस, दुसरी बाई.

पोलिसांत आणि प्रयोगशाळांत एक समज वर्षानुवर्षं पक्का होता: अनोळखी हल्लेखोर असेल तर डीएनए उपयोगी, ओळखीचा असेल तर पेटी तपासणं म्हणजे पैसा वाया. आरोपी तर नावानिशी माहीत आहे, तो ‘संमतीनं झालं’ म्हणणार, मग डीएनए काय सिद्ध करणार? ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं. डेट्रॉइटच्या आकड्यांनी ते मोडून काढलं. ओळखीच्या माणसाविरुद्धच्या प्रकरणांतही जुळणीचं प्रमाण अनोळखी प्रकरणांच्या तोडीचं निघालं. नवरा, शेजारी, मित्राचा मित्र म्हणून ज्याचा डीएनए तपासायची गरज वाटली नव्हती, तो दुसऱ्या कुणा बाईच्या पेटीतला अनोळखी होता. संमतीचा बचाव एका बाईविरुद्ध चालतो. एकमेकींना कधीच न भेटलेल्या तीन बायका तेच सांगू लागल्या की चालत नाही.

आपल्याकडे हा मुद्दा जास्तच लागू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दर वर्षी बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ‘आरोपी माहीत आहे, मग डीएनए कशाला’ हे वाक्य आपल्या पोलीस ठाण्यांनाही परकं नाही. फरक एवढाच की आपल्याकडे गुन्हेगारांची देशव्यापी डीएनए नोंदवही नाही. त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यात खासगीपणाचे रास्त प्रश्न होते, ते सोडवायलाच हवेत. पण परिणाम असा की मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट वेळेवर आला, तरी तो त्या एका खटल्यापुरताच बोलतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या मुलीच्या नमुन्याशी त्याची गाठ पडण्याची वाट नाही.

दारावरची थाप

पेटी तपासली, जुळणी झाली, संशयिताचं नाव कळलं. आता त्या बाईला सांगायचं कसं?

पंधरा-वीस वर्षं उलटलेली. तिचं लग्न झालेलं असेल, नवऱ्याला काही माहीत नसेल. ती दुसऱ्या शहरात असेल, नशेतून कष्टानं बाहेर पडलेली असेल. काही वारल्या होत्या. सरकारी माणूस दारात उभा राहून मोठ्यानं काही बोलला तर तिचं आजचं घर विस्कटू शकतं. पत्र पाठवलं तर दुसरंच कुणीतरी उघडणार. फोन केला तर तिला वाटणार फसवणूक आहे. आणि काहीच कळवलं नाही, तर तिच्या शरीरातून घेतलेल्या पुराव्याचं काय झालं, हे ती सोडून सगळं जग जाणणार.

डेट्रॉइटच्या गटात पोलीस, सरकारी वकील, परिचारिका, समुपदेशक आणि संशोधक एकत्र बसले आणि यावर महिनोन्‌महिने वाद घातले. ठरलं ते असं. जायचं ते सरकारी वकील कार्यालयाच्या प्रशिक्षित तपासनिसानं, प्रत्यक्ष भेटून, आणि ती एकटी असल्याशिवाय विषय काढायचा नाही. पहिल्या भेटीत थोडंच सांगायचं. तिला हवं तेवढं विचारू द्यायचं. समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची. पुढे खटला चालवायचा की नाही, हे त्याच दिवशी ठरवायला लावायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, इतक्या वर्षांत काहीच केलं नाही याची सबब सांगत बसायचं नाही.

बायका कोसळून पडतील, अशी भीती अनेकांना होती. तसं फारसं घडलं नाही. संताप होता, रडणं होतं, आणि तो संताप कुणीही गैर मानला नाही. पण पद्धतशीरपणे कळवलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणी पुन्हा एकदा या यंत्रणेच्या दारात यायला तयार झाल्या. ज्या यंत्रणेनं त्यांना एकदा खोटं ठरवलं होतं, तिच्याच दारात. या एका गोष्टीपुढे मला आकडे फिके वाटतात. ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा ज्यांच्या फायलीवर होता, त्यांतल्याच या बायका होत्या.

नाही म्हणणाऱ्या जणींचं नाही मान्य करणं, हाही त्या पद्धतीचा भाग होता. संमतीचा प्रश्न इथे नाजूक आहे. काही जणी रुग्णालयात तपासणी करून घेतात पण पोलिसांकडे जायला तयार नसतात. त्यांची पेटी परस्पर तपासणं म्हणजे त्यांच्या इच्छेवर पुन्हा एकदा घाला. आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही उपचार, तपासणी आणि पोलिसांना कळवणं यासाठी वेगवेगळी संमती घ्यायला सांगतात. ‘सगळ्या पेट्या तपासा’ ही मागणी म्हणूनच नेमकी करायला हवी: जिनं तक्रार दिली आहे, तिची प्रत्येक पेटी.

पैसा, आणि नंतरचा पैसा

वर्थींनी खासगी प्रयोगशाळांशी घासाघीस करून दर पेटीमागे ४९० डॉलरवर आणला. राज्य सरकारनं २०१३ मध्ये उरलेल्या पेट्यांसाठी ४० लाख डॉलर दिले. मिशिगन विमेन्स फाउंडेशन, डेट्रॉइट क्राइम कमिशन आणि वर्थींचं कार्यालय यांनी ‘इनफ सेड’ नावाची मोहीम उघडून लोकांकडून पैसे जमवले. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी वेगळी मोहीम काढली आणि तिला नावच दिलं ‘४९० चॅलेंज’: एका पेटीचा खर्च आपण उचलू. गुन्ह्याच्या तपासासाठी नागरिकांनी वर्गणी काढावी, यात अभिमान वाटण्यासारखं आणि लाज वाटण्यासारखं, दोन्ही आहे. घरफोडीच्या ठिकाणचे ठसे तपासायला कुणी वर्गणी मागत नाही.

आणि मग सगळ्यांना उशिरा कळलं की ४९० डॉलर ही फक्त सुरुवात होती. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे एक कागद. त्यानंतर जुनी फाईल शोधायची (सापडली तर), साक्षीदार शोधायचे, त्या रात्रीच्या परिचारिकेला गाठायचं, संशयिताचा ताजा नमुना घेऊन जुळणी पक्की करायची, खटला उभा करायचा. एकेका प्रकरणाला तपासणीच्या कितीतरी पट खर्च आणि महिनेच्या महिने लागतात. यंत्रं पेट्या भराभर तपासत गेली आणि अहवालांचा नवा ढीग तपासनिसांच्या टेबलावर साचला. ज्या शहरांनी फक्त प्रयोगशाळेला पैसे दिले, त्यांनी एका खोलीतला ढीग दुसऱ्या खोलीत हलवला. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये देशव्यापी अनुदान योजना सुरू केली, तेव्हा तपास, खटले आणि पीडितांना कळवणं यांनाही त्यात जागा दिली. डेट्रॉइटचा अनुभव नसता तर हे सुचलं असतं असं वाटत नाही.

नियम

२०१४ मध्ये मिशिगननं कायदा केला. रुग्णालयानं कळवल्यापासून १४ दिवसांत पोलिसांनी पेटी उचलायची. उचलल्यापासून १४ दिवसांत प्रयोगशाळेत पाठवायची. पुरेशी साधनं असतील तर प्रयोगशाळेनं ९० दिवसांत तपासायची. कायद्याची भाषा रुक्ष आहे, आणि तेच तिचं बळ आहे. अधिकाऱ्याला तक्रारदार पटली की नाही, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. पोलिसांचं मन बदलायला एक पिढी लागेल, प्रशिक्षणं होत राहतील, ती व्हायलाच हवीत. तोवर पेटी त्यांच्या मनावर अवलंबून राहता कामा नये.

कायद्यातही एक पळवाट उरते. १४ दिवस उलटले हे कळणार कुणाला? वर्थींच्या कार्यालयानं कुरिअर कंपनी यूपीएसची मदत घेऊन पेट्यांना बारकोड लावायचा प्रयोग केला, त्याचं कारण हेच. सामान कुठे पोचलं हे आपण फोनवर बघतो, तर पुराव्याचं का नाही? पुढे राज्यभर अशी माग काढायची व्यवस्था उभी राहिली, आणि तिचा सर्वांत चांगला भाग असा की तक्रारदाराला स्वतःची पेटी कुठे आहे हे स्वतः पाहता येतं.

काय हाती लागलं, काय निसटलं

या पेट्यांमधून आठशेहून जास्त माणसं अशी पुढे आली, ज्यांचा डीएनए एकापेक्षा जास्त लैंगिक अत्याचारांशी जोडला गेला. त्यांच्या गुन्ह्यांच्या खुणा अमेरिकेच्या सुमारे चाळीस राज्यांत सापडल्या. पेटी डेट्रॉइटच्या कोठीत धूळ खात होती, तेवढ्या वेळात तो माणूस गाव बदलून दुसरीकडे तेच करत होता. एकेका पेटीमागे नंतरच्या किती बायका वाचल्या असत्या, हा हिशेब करायला बसलं की हात थरथरतो.

शिक्षा दोनशेहून जास्त जणांना झाल्या. अकरा हजारांच्या तुलनेत हा आकडा लहान दिसतो, आणि टीकाकार तो दाखवतातही. त्याची कारणं मात्र पेट्यांमध्ये नाहीत, उशिरात आहेत. काही आरोपी मेले होते. काही दुसऱ्या गुन्ह्यात आधीच तुरुंगात होते. काही प्रकरणांत खटला भरायची कायदेशीर मुदत संपून गेली होती. पेटी जपून ठेवली पण फाईल हरवली, असंही झालं. सुमारे निम्म्या पेट्यांतून वापरण्याजोगा आलेखच निघाला नाही. आणि त्या पेट्या त्याच महिन्यात तपासल्या असत्या तर तो निघाला असता का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. तक्रारदार बाईची आठवण शाबूत असते, पण त्या रात्रीचा टॅक्सीवाला, शेजारीण, दुकानदार वीस वर्षांनी कुठून आणणार?

पेट्या तपासून झाल्यावरही वर्थींच्या कार्यालयातला या कामाचा स्वतंत्र कक्ष वर्षानुवर्षं चालू राहिला. यादीतलं एकेक नाव घ्यायचं, पत्ता शोधायचा, ती हयात आहे का बघायचं, आणि घरी दुसरं कुणी नसेल अशा वेळी जाऊन दार वाजवायचं.